कृष्णेच्या माहेरी

प्रवासवर्णन लिहिणाराने आपण काय पाहिले ते सांगावे, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. प्रस्तुत लेखकास मात्र आरंभीच कबूल केले पाहिजे की, वाईक्षेत्री जे पाहावयाचे ते त्याने स्वतःहून फारसे पाहिलेच नाही. पुस्तके वाचून, टिपणे काढून तो तेथे गेला होता. प्रत्यक्ष पाहणे घडले ते आपल्या कुटुंबाच्या आणि दोन अजाण मुलांच्या मागून चालताना. आणि तेही त्या वेळी त्यास फारसे रुचले नव्हते.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. बालपणी एका शास्त्रीबुवांच्या पायाशी बसून थोडेबहुत संस्कृत पदरी पडले होते. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि सांगलीस आयुष्यभर शाळामास्तरकी केली. पाच वर्षे मुलाचे लाड करावे, पुढील दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे वर्ष लागताच त्यास मित्र मानावे, असे एक जुने वचन आहे. त्यातील मधला भाग मला विशेष पाठ होता. आमच्या थोरल्याचे वय तेव्हा सात वर्षांचे, म्हणजे ताडनाच्या प्रांतात नुकतेच शिरलेले. धाकटी चार वर्षांची, म्हणून तिला अद्याप अभय होते.

१९९२ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. सायंकाळी परवचा झाल्यावर मी थोरल्यास दशावतारांची नावे म्हणावयास सांगितली. ‘मत्स्य’ या पहिल्याच नावापाशी तो अडला. ‘म’ ओठांवर येई, ओठ मिटत, मान ताठ होई, आणि पुढचे अक्षर काही केल्या बाहेर पडेना. गेले काही महिने त्याची जीभ अधूनमधून अशी अडखळत असे. परंतु आदल्याच दिवशी तीच नावे त्याने घडाघडा म्हटली होती, म्हणून मला तो हट्ट वाटला. मी रूळ उचलला आणि त्याच्या तळहातावर दोन फटके दिले. मूल रडले नाही. त्या दिवसापासून मात्र ते माझ्याशी बोलेनासे झाले. काही विचारले की मान हलवून होय किंवा नाही, एवढेच.

सौ.ने त्या रात्री मला एका शब्दाने दोष दिला नाही. आठ-दहा दिवसांनी पाने वाढताना ती सहज म्हणाली, “अहो, दिवाळीच्या सुटीत वाईला जाऊ या का? मावशी केव्हाची बोलावते आहे.” मला क्षेत्रदर्शनाची हौस होतीच. मी होकार दिला आणि दुसऱ्या दिवसापासून वाईचा इतिहास टिपून काढू लागलो. सौ.ची तयारी निराळी चालली होती. तिने मुलांना सांगून टाकले की, आपण कृष्णाबाईच्या माहेरी जाणार आहोत.

आमचे घर सांगलीच्या गावभागात, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. मुलांनी नदी रोज पाहिलेली. परंतु ती कोठून तरी येते, तिलाही माहेर आहे, ही वार्ता त्यांना अगदी नवी होती. मी लगेच दुरुस्ती केली, “कृष्णेचा उगम महाबळेश्वरास आहे, वाईस नव्हे.” सौ. म्हणाली, “महाबळेश्वरी जन्मली असेल. पण खेळली-बागडली ती वाईलाच.” मग माहेरी रिकाम्या हातांनी कसे जावयाचे, असा प्रश्न निघाला. सांगली ही हळदीची पेठ. तेव्हा सासरची भेट म्हणून एका लहानशा पुडीत हळद बांधली गेली, आणि ती सांभाळण्याचे काम धाकटीकडे आले. एस. टी.च्या साऱ्या प्रवासात तिने ती पुडी मुठीतून सोडली नाही. वाईस उतरलो तेव्हा तिचा हात, परकराचा घोळ आणि माझ्या धोतराचा सोगा, सर्वच पिवळे झाले होते.

वाईस कृष्णेच्या काठाने ओळीने घाट बांधलेले आहेत आणि आळ्या त्या घाटांच्या नावांनीच ओळखल्या जातात. गणपती घाटावर ढोल्या गणपतीचे सुप्रसिद्ध मंदिर आहे. ते गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविले. मूर्ती एकाच पाषाणातून घडविलेली आणि नावाप्रमाणे चांगलीच स्थूल. ही माहिती मी पायऱ्यांवर उभा राहून सांगू लागलो. थोरला खाली मान घालून उभा होता; सारे संपल्यावर मी काहीतरी विचारीन, याची त्यास खात्री असावी. इतक्यात सौ. म्हणाली, “गणपती कुठे पळून जात नाही. आधी मागे चला. मागे एक मोठे जनावर लपले आहे, ते ओळखायचे.” आणि दोन्ही मुलांचे हात धरून ती देवळाच्या पाठीमागे निघूनही गेली.

या मंदिराची मागील भिंत मत्स्याकार आहे. कृष्णेस पूर आला म्हणजे पाण्याचा लोंढा त्या निमुळत्या टोकावर दुभंगावा आणि मंदिरास धक्का बसू नये, अशी ही योजना. माझ्या टिपणात ती पाचव्या क्रमांकावर होती. मी मागे गेलो तेव्हा मुले भिंतीवरून हात फिरवीत जनावर शोधत होती. धाकटीने हत्ती म्हटले, मग होडी म्हटले. तिला कोणी चूक म्हटले नाही. सौ.चा एक नेमच होता की, खेळात चूक नसते. चुकले तर पुन्हा करावयाचे. थोरल्याने भिंतीला एक पुरी प्रदक्षिणा घातली, बोटाने हवेत मासा काढून दाखविला, आणि किती तरी दिवसांनी त्याच्या तोंडून प्रश्न निघाला, “पूर आला की गणपती भिजत नाही?”

“भिजतो की,” सौ. म्हणाली. “पाणी यायचे ते येतेच. पण मासा त्याच्याशी भांडत नाही. इकडून थोडे, तिकडून थोडे जाऊ देतो, आणि आपण आपल्या जागी राहतो.”

मला हे उत्तर स्थापत्यदृष्ट्या अपुरे वाटले, आणि मी तसे बोलूनही दाखविले.

दुसऱ्या दिवशी मेणवलीस गेलो. वाईपासून हे गाव सुमारे तीन किलोमीटर. मुलांना घेऊन रमतगमत पायी गेले तरी चालते. येथे नाना फडणविसांचा वाडा आहे आणि वाड्यामागे कृष्णेवर चंद्रकोरीसारखा घाट आहे. नानांचे प्रसिद्ध मेणवली दफ्तर याच वाड्यातले. आता आमच्या घरी मुले मला ‘नाना’ म्हणत. त्यामुळे नानांचा वाडा पाहावयास जावयाचे म्हणताच धाकटीच्या मनात जो घोटाळा व्हावयाचा तो झाला. ती त्या थोरल्या दाराकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहू लागली आणि शेवटी म्हणाली, “नाना, एवढे मोठे घर असताना आपण दोन खोल्यांत का राहतो?” मी इतिहास सांगण्यासाठी तोंड उघडले, पण सौ.ने मध्येच उत्तर दिले, “झाडायला कोण आहे इथे? म्हणून सोडले ते.” वाडा पाहून होईपर्यंत ती पोर प्रत्येक खांबापाशी थांबून, आपण सोडून दिलेल्या संपत्तीची मोजदाद करीत होती. थोरला हसला. मीही हसलो असतो, पण रूळ हाती धरणारास सहज हसता येत नाही.

मेणवलीच्या घाटावर एका लहानशा दगडी इमारतीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती पोर्तुगिजांची. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या विजयाची ही खूण. तिच्यावर १७०७ हा सालाचा आकडा असून बाळ येशूस घेतलेल्या मेरीमातेची आकृती आहे. सौ.ने मुलांना त्या आकृतीतले बाळ दाखविले आणि म्हणाली, “ही समुद्राकाठची पाहुणी. हिला इथली भाषा येत नव्हती. म्हणून बोलायच्या आधी ही अगोदर मनातल्या मनात गुणगुणते, आणि मग बोलते. कान लावून पाहा.” तिने बोटाच्या पेराने घंटेच्या कडेवर हलकेच टिचकी मारली.

वाचकहो, नाद विरता विरता धातूमध्ये जो गुंजारव उरतो, तो कानाशी कसा लागतो ते आठवून पाहा. ओठ मिटलेल्या अनुनासिकासारखा तो असतो. जणू लांबविलेला ‘म्’च. थोरल्याने कान लावला, मग तोंड घंटेच्या कडेजवळ नेले आणि स्वतःही तसाच गुणगुणू लागला. ‘म्’वर त्याचे ओठ मिटले, पण या खेपेस तो अक्षर ढकलीत नव्हता, लांबवीत होता. आणि त्या लांबविण्याच्या शेवटी, कोणी विचारलेले नसताना, तो म्हणाला, “मत्स्य.” जरा थांबला आणि पुन्हा म्हणाला, “मत्स्य.”

ज्या शब्दासाठी मी त्याच्या हातावर वळ उठविले होते, तो शब्द मुलगा परदेशी घंटेस सांगत होता. मी नदीकडे तोंड फिरवून उभा राहिलो.

तेथून पुढे दशावतारांचाच खेळ झाला. मासा सापडला होता. आता बाकीचे शोधावयाचे. धोम वाईहून आठ-नऊ किलोमीटर. धौम्य ऋषींचे हे स्थान, अशी आख्यायिका. आज कृष्णेवर जे धोम धरण आहे, ते या गावाजवळच. गावातील शिवमंदिरापुढे कमलाकृती पुष्करणी आहे आणि तिच्यात दगडी कासवाच्या पाठीवर नंदी बसविलेला आहे. पुष्करणीत पाणी असले म्हणजे कासव नंदीस घेऊन पोहत आहे असा भास होतो. “कूर्म!” थोरला ओरडला. जवळच नरसिंहाचे मंदिर, तोही सापडला. वराह मात्र मिळेना. परत येताना धाकटीने एका उकिरड्याकडे बोट करून तोही शोधून काढला. “शांतं पापम्!” असे मी म्हणालो, परंतु सौ. हसत हसत रस्त्यातच खाली बसली आणि त्या चिखलाने माखलेल्या प्राण्याची गणना अवतारांत झाली. वामन म्हणजे धाकटी स्वतः. राम रामडोह आळीत. आणि कृष्ण काय, वाईस पायोपायी. एका नावापाशी थोरला अडखळला की सौ. लगेच शब्द पुरवीत नसे. जणू घंटाच वाजते आहे अशा थाटात ती स्वस्थ वाट पाहत असे. मी पंधरा वर्षे शिकवीत होतो. पण मूल अडले असता गप्प बसावे, हे मला ठाऊक नव्हते.

निघण्याच्या आदल्या सायंकाळी गणपती घाटावर सौ.ने केळीच्या सोपाची होडी केली. तीत उरलेली हळद आणि झेंडूचे फूल ठेवून ती मुलांच्या हातून पाण्यात सोडली. “ही आता सासरी जाईल, सांगलीला,” ती म्हणाली. येथे माझा धीर सुटला. रात्री मुले निजल्यावर मी तिला म्हणालो, “मुलांना असे खोटे सांगणे बरे नव्हे. ते त्या होडीची वाट पाहतील आणि उद्या आपल्यावरचा त्यांचा विश्वास उडेल.” ती पांघरुणे घालीत होती. म्हणाली, “वाट पाहतील खरी.” एवढेच.

सांगलीस परत आल्यावर तिसऱ्या दिवशी थोरल्याने घाटावर जाण्याचा धोशा लावला. सत्याचा पक्ष घेण्याची हीच वेळ, असे ठरवून मी त्यास समोर बसविले. वाईहून पाणी निघाले म्हणजे माहुलीस वेण्णा मिळते, पुढे खोडशीचा बंधारा लागतो, कऱ्हाडास कोयना समोरून येऊन भेटते, मग कितीतरी वळणे. सोपाची होडी यातून येणे अशक्य आहे, हे सर्व मी नकाशा काढून समजाविले. त्याने ते लक्षपूर्वक ऐकले. मग म्हणाला, “ते मला म्...माहीत आहे, नाना. पण आपण वाट पाहायला जाऊ या ना?”

मी निरुत्तर झालो. मुलगा फसला नव्हता. होडी यावयाची नाही हे त्यास माझ्याइतकेच कळत होते. आणि वाट पाहण्यात जो आनंद आहे, तो त्यास माझ्याहून अधिक कळत होता. खोटे आणि खेळ यांतील भेद मला सांगावयास सात वर्षांचे पोर लागले. आम्ही घाटावर गेलो. अंधार पडेपर्यंत बसलो. एक निर्माल्याची माळ वाहत आली, तेव्हा तो म्हणाला, “आपली नाही. पण तिच्या ओळखीची असेल.” त्या संध्याकाळी तो माझ्याशी पुष्कळ बोलला. अडखळत बोलला, परंतु बोलला. रूळ मी दुसऱ्या दिवशी शाळेच्या कपाटात ठेवून दिला. घरी पुन्हा आणला नाही.

आता मागे वळून पाहताना माझेच मला हसू येते. राजाच्या तीन मठ्ठ पुत्रांना विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत गोष्टी सांगून शहाणे केले, हे पंचतंत्राचे कथामुख मी वर्षानुवर्षे वर्गात शिकविले. ताराबाई मोडकांनी १९२६ साली गिजुभाई बधेकांच्या सहकार्याने नूतन बाल शिक्षण संघ काढला, बालकास भयमुक्त शिक्षण द्यावे म्हणून आयुष्य वेचले. त्यांच्या विचारांवर पदविकेच्या परीक्षेत मी उत्तर लिहिले होते आणि गुणही चांगले मिळविले होते. सौ. सातवीपर्यंत शिकलेली. तिने यातले काही वाचले नव्हते. कणीक मळताना ती चिमण्या करी, निवडताना वेगळे काढलेले खडे मुलांना सैन्य म्हणून देई, आणि चिंध्यांच्या बाहुलीस ताप आला की साऱ्या घरास हळू बोलावे लागे. मी त्यास पोरखेळ म्हणत असे. शब्द बरोबर होता. त्यातील तुच्छता चुकीची होती.

तथापि खेळ ही चांगल्या दिवसांची चैन आहे, अशी एक समजूत माझ्या मनात उरली होतीच. ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेली. त्या वर्षी थोरला सून आणि पाच वर्षांची नात यांना घेऊन नागपंचमीसाठी पुण्याहून आला होता, आणि त्याच आठवड्यात कृष्णेस तो महापूर आला. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेले. अर्धे शहर पाण्याखाली होते. आमच्या तळमजल्यात पाणी शिरले आणि आम्ही माडीवर अडकलो. वीज नव्हती. काळोखात जिन्यावर पाणी आपटत होते आणि त्या आवाजाने नातीचा थरकाप उडाला होता.

सौ. आणि सून धान्याचे डबे वर आणीत होत्या. मध्येच सौ.ने एक वाटी घेतली, जिन्याच्या कोरड्या पायरीवर हळदकुंकू वाहिले आणि नातीस म्हणाली, “आम्ही हिच्या माहेरी गेलो होतो ना, ती परतभेटीला आली आहे. माणसे मात्र फार बरोबर आणली बाईने. कोणत्या पायरीपर्यंत येते ते आपण खडूने लिहून ठेवू.” माझा संताप झाला. शेजारी लोकांचे संसार वाहत होते. मी म्हणालो, “ही काय खेळाची वेळ आहे?” ती माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “अहो, पाणी माझ्या सांगण्याने उतरायचे नाही. पोरीचे भय तेवढे माझ्या हाती आहे.” आणि पुन्हा डबे उचलू लागली.

नात खडू घेऊन पायऱ्या मोजू लागली. रात्री थोरल्याने तिला मांडीवर घेऊन मनूची आणि माशाची गोष्ट सांगितली. पुरात होडी ओढून नेणाऱ्या त्या माशाची. तो आता चौतिशीचा. बोलताना अजून क्वचित अडखळतो. ‘मनू’पाशी तो अडला. मी श्वास रोखून धरला. त्याने ओठ मिटून लांब गुणगुण केली आणि मग शब्द अलगद आला. नातीस वाटले, मासाच असा बोलतो. सारी गोष्ट होईपर्यंत तीही त्याच्याबरोबर गुणगुणत होती, आणि त्यातच तिला झोप लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी बचावाची नाव आली, तोवर खडूच्या रेघा सात झाल्या होत्या.

पुढे २०२० च्या जानेवारीत आम्ही दोघेच वाईस गेलो. घरची हळद पुरात भिजली होती, म्हणून नवी घेतली. ढोल्या गणपतीस गेल्यावर मी प्रथम मागे वळलो आणि त्या माशाच्या भिंतीवरून हात फिरविला. मेणवलीस घंटेपाशी उभे असता, सत्तावीस वर्षे मनात असलेला प्रश्न मी सौ.ला विचारला, “घंटा ‘म’ म्हणते हे ध्यानी घेऊनच तू त्याला इथे आणलेस ना?”

“छे हो,” ती म्हणाली, “मला कुठले ठाऊक? मी आपली त्याच्याशी खेळत होते.”

मग जे फार पूर्वी म्हणावयास हवे होते ते मी तिला म्हणालो. ते येथे लिहीत नाही. जिला सांगावयाचे तिला ते पोहोचले आहे. सायंकाळी घाटावर मी स्वतः सोपाची होडी करावयास घेतली. ती घाटापासून दोन हात गेली आणि हळदीसह कलंडली. मी खजील होऊन सौ.कडे पाहिले. तिने दुसरा सोप माझ्या हाती दिला.

“खेळात चूक नसते,” ती म्हणाली. “पुन्हा करा.”

मी पुन्हा केली.